दिवसाला एक बोट

तानबाभाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होतो. आलेखावरून रेषेचा चढ कसा काढायचा ते फळ्यावर सांगत होतो. खडू ठेवला आणि तलावाच्या पाळीखालच्या, म्हणजे बांधाखालच्या, त्यांच्या घरी गेलो... त्याला आता पाच आठवडे झाले.

नागभीडकडच्या आमच्या गावात धानाला तलावाचं पाणी मिळतं, आणि ते सोडायचं काम वीस वर्षं तानबाभाऊंकडे होतं. तुडुमाचं, म्हणजे पाणी बाहेर पडायच्या तोंडाचं, झाकण उघडायचं आणि रोज सकाळी सागाच्या खुंटाजवळ पाणी किती उतरलं ते बोटांनी मोजायचं. शाळा चौथीपर्यंत, पण मोजमाप पक्कं.

सात वर्षांपूर्वी पाऊस लवकर थांबला. पाणी किती दिवस पुरेल, असं गावानं मला विचारलं, कारण मी गणिताचा मास्तर. तानबाभाऊंची मापं घेऊन मी आलेख काढला. रेषा सरळ आली. सहा दिवसांत कागदावरची तीन घरं खाली. म्हणजे दिवसाला अर्धं बोट. तुडुमाच्या तोंडावर वीस बोटं पाणी होतं. मी सभेत सांगितलं, चाळीस दिवस पुरेल. धानाला तीस दिवस हवे होते. लोक खूश झाले, पाणी घ्यायच्या पाळ्या मोडून सगळ्यांना मोकळं पाणी द्यायचं ठरलं.

त्या सभेला तानबाभाऊ नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या ओसरीवर आले.

"गुरुजी, माह्या बोटायले तुमी अर्धं काऊन केलं? सहा दिवसांत सहा बोटं उतरलं. तुमचा कागद तीन कसा म्हणते?"

मी आलेख उघडला. आलेख कागदावर मावावा म्हणून उभ्या अक्षावर एका घराला दोन बोटं धरली होती, आणि चढ काढताना घरंच मोजली होती. वर्गात पोरांना ज्या चुकीसाठी कान धरायला लावतो, तीच. पाणी वीसच दिवसांचं होतं, आणि आता तेही मोकळं सुटणार होतं.

"सभा बोलावतो," मी म्हणालो, "चूक सांगतो."

"राहू द्या. पोरं हासतीन तुमाले. उद्या वर्गात कोण आयकन?"

त्याच संध्याकाळी पुन्हा सभा भरली, आणि माझ्याआधी तेच उभे राहिले. "माहं मोजणं चुकलं, पाणी वीसच दिवस पुरन," म्हणाले. लोकांनी शिव्या घातल्या, पण पाळ्या पुन्हा लावल्या, पाणी आधीपेक्षाही जपून सोडलं, आणि धान निसवलं, लोंब्या भरल्या. मी खाली बघत बसलो होतो. पुढं गावानं ठरवलं की तानबाभाऊंचं माप दुसऱ्या माणसानं तपासायचं. सात वर्षं रोज सकाळी कोणीतरी त्यांच्यामागे जायचा. ते हसून म्हणायचे, "या साहेब, मोजा!" त्यांच्या मापात एकदाही फरक निघाला नाही.

बुद्धविहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक जण म्हणाला, माणूस सोन्यासारखा, मोजण्यात तेवढा एकदा चुकला. मी तेव्हाही गप्प बसलो... लोक पांगल्यावर त्यांच्या पत्नी सेवंताबाईंना सगळं सांगितलं.

"मले तवाच ठाऊक होतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मले काऊन सांगता? गावाले सांगा."

काल विहारासमोर गाव जमवून सांगितलं. बाहेरगावी गेलेल्यांसाठी इथं लिहितो. तानबाभाऊंचं माप बरोबर होतं, चढ मी चुकवला. आज सकाळी पाळीवर गेलो. नवा माणूस मोजत होता. त्याला तपासायला कोणी आलं नव्हतं. त्यानं एकदा मागे वळून पाहिलं, आणि एकट्यानंच आकडा लिहिला.