मी असली पुस्तकं वाचत नाही

जुन्या काळातली सरदारकन्या आणि तिच्या घोड्याची निगा राखणारा तरुण, अशा जोडीची कादंबरी हाती आली की गॅसवरची भाजी करपेपर्यंत मी वाचत बसते. वर्ध्याच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवते, तिथं ही चटक फक्त मावशींना ठाऊक होती. मावशी म्हणजे आमच्या शाळेतल्या शिपाई, पवनारहून बसने यायच्या. एकदा वाचनालयात आम्ही दोघी एकाच कपाटापुढे भेटलो आणि पुस्तकांची अदलाबदल सुरू झाली.

"पालखीतून उतरून ती त्याच्या झोपडीपर्यंत चालत गेली," मावशी एकदा म्हणाल्या, "पण जन्मात कधी चालली नाई ते. पाय किती पोळले असन तिचे!"

हे मला सुचलं नव्हतं. वाचनालयाच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसून असं ऐकायला मला फार आवडायचं.

एका मधल्या सुट्टीत मावशी शिक्षकांच्या खोलीत चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, दुसरा भाग भेटला मले. दोघंही पळून गेले. उद्या आणू का?"

मुख्याध्यापक हसले. "अरे वा! तुम्ही आणि मावशी एकच पुस्तक वाचता?"

"मी? छे!" मी म्हणाले. "मी असली पुस्तकं वाचत नाही. मावशींचा काहीतरी घोटाळा होतोय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "हो, माह्यंच चुकलं," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्या मॅडम होत्या." आणि कप वाटू लागल्या.

शाळा सुटल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं. "रागावलात का, मावशी?"

"नाई वो. पण तुमी काऊन घाबरल्या, तेच समजलं नाई मले."

कादंबऱ्यांची लाज वाटली, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नव्हतं. मला त्यांच्या बरोबरीची दिसायचं नव्हतं.

दुसरा भाग त्यांनी आणला नाही, मीही मागितला नाही.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचे दोन शब्द बोलायचं माझ्याकडे आलं. वक्तशीरपणा, स्वच्छता, प्रेमळ स्वभाव, सगळं बोलले. पुस्तकांची गोष्ट दोनदा ओठांवर आली, दोन्हीदा गिळली. मावशी पहिल्यांदाच आमच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या, अंगावरची नवी शाल सावरत. मी शेजारी येऊन बसले तेव्हा हळूच म्हणाल्या, "चांगलं बोलल्या, मॅडम."