घंटा थांबेपर्यंत

"जरा उशिरा लाव ना दार! तुझं काय जातंय?"

"नोकरी जातेय."

"आणि माझं मत?"

"ते आतले लोक ठरवतील. माझं काम कडी लावायचं. सरक, जिना अडवू नकोस."

विधिमंडळाच्या मागच्या जिन्यावर मी आईशी भांडत होते. आई सभागृहाची दारवान. तिला सगळे 'कडीबाई' म्हणतात, सभापतीसुद्धा. मतदानाआधी घंटा वाजते, इकडेतिकडे पांगलेले सदस्य आत पळतात, आणि घंटा थांबली की आई कडी घालते. आत असेल त्याचं मत. बाहेर राहिला तो राहिला. एकदा एका मंत्र्याच्या तोंडावर दार लावून वर म्हणाली होती, "साहेब, पुढच्या वेळी चहा बशीत ओतून प्या. लवकर संपतो."

मी फिरत्या नाटक कंपनीत. मतदार यादीसाठी आईचा पत्ता दिला, की तपासनीस येतो तेव्हा मी नेमकी दौऱ्यावर. नाव कापलंच! तिशी आली तरी मी एकदाही मत दिलेलं नाही. आजचं विधेयक आम्हा फिरस्त्यांसाठीच होतं: असाल तिथे नाव नोंदवा, तिथेच मत द्या. गणित अगदी काठावरचं. त्यात आमच्या बाजूच्या एका सदस्याचा पाय प्लास्टरमध्ये!

घंटा वाजली. प्रेक्षक सज्जात आमच्या कंपनीचे मेकअपवाले काका माझा दंड दाबून बसलेले. समोर उघडं दार, दारात आई, तिच्यामागे लांबच लांब व्हरांडा. आणि व्हरांड्याच्या पार टोकाला कुबड्या. टक्... टक्...

"एन्ट्री घ्या साहेब, एन्ट्री घ्या!" काका पुटपुटले.

"शांतता!" सज्जातला शिपाई गुरगुरला.

आई ढिम्म. हात कडीवर, कान घंटेकडे. प्लास्टरचा पाय उंबऱ्यातून आत पडला आणि घंटा थांबली. तेवढ्यात कँटीनकडून विरोधातले दोघे पळत आले, एकाच्या गळ्यात अजून नॅपकिन.

"अहो कडीबाई, थांबा, थांबा!"

खट्!

मग बाहेरून थाडथाड, आतून मोजणी. एका मताने पास! सज्जात टाळ्या वाजवायला बंदी, म्हणून काकांनी स्वतःचा रुमाल चावला आणि मी काकांची बाही.

दार उघडल्यावर मी धावत खाली गेले, स्टुलावर टेकलेल्या आईला कडकडून मिठी मारली.

"जिंकलो गं! काय वेळेवर अडवलंस त्या दोघांना!"

"मी कुठे? घंटेने अडवलं. सोड, गणवेश चुरगळतोय."

मी हसले. मग मिठी सोडली.

"आई, एक सांग. घंटा थांबली तेव्हा प्लास्टरवाले उंबऱ्याबाहेर असते तर?"

इतक्यात पुढच्या मतदानाची घंटा खणखणली. आई उठली, टोपी नीट केली आणि दाराकडे निघून गेली.