तात्यांनी सांगितलेला बोल्ट

मी डोलवीला कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते शोधलं की सापडतं... याच्यापलीकडे माझा कशावर विश्वास नव्हता. म्हणून हे लिहायला जरा जड जातंय.

रोह्याच्या तात्यांकडून मी त्यांचा जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतला. तात्या अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणावर होते. पेणला रामवाडीत नजीरभाईंच्या गॅरेजमध्ये काम चाललं होतं – गिअरबॉक्स खोलला, स्प्रिंगचे जास्तीचे पाटे टाकून गाडी उंच केली, मोठे टायर चढवले. रविवारी बायको-मुलीला घेऊन डोंगरात जायचं ठरलं होतं.

शनिवारी सकाळी कागदांवर सही घ्यायला रोह्याला गेलो. डाव्या हाताने सही करून तात्या सावकाश म्हणाले, "पुढचा उजवा यू-बोल्ट जुनाच हाय. काढ तो."

यू-बोल्ट म्हणजे पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवतो तो.

"नाय तात्या, सगळे नवीन टाकलेत."

"काळा रंग मारलाय त्याला. आणि तुझ्या मिस्त्रीला सांग, अंगठा नीट बांध. रक्त थांबत नाय."

त्यांच्या बायकोने, मावशींनी, मला बाजूला घेतलं. "मनावर घेऊ नको. रोजच सांगतात, पेणला गाडीजवळ जाऊन आलो म्हणून."

दुपारी गॅरेजवर पोचलो. नजीरभाईंच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, लाल झालेलं. दोन तासांपूर्वी पाना सटकला म्हणाले... म्हणजे मी तात्यांच्या पलंगाशेजारी बसलो होतो तेव्हा.

बोल्टचं विचारलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "एका नव्याचे आटे खराब निघाले. जुनाच घासून रंगवला. चूक झाली. पण मी कोणाला बोललो नव्हतो."

त्यांनी गाडी जॅकवर घेऊन बोल्ट काढला, रंग खरवडला. बोल्टच्या वाकलेल्या भागात चीर होती, अर्ध्याच्या वर गेलेली. चढावर तुटला असता तर अ‍ॅक्सल सरकला असता. रविवारचं जाणं मी रद्द केलं.

चीर तात्यांना आधीपासून माहीत असेल, हे मी मानतो. पण रंग? अंगठा? नजीरभाईंची आणि त्यांची ओळखही नव्हती.

नवा बोल्ट टाकून पुढच्या आठवड्यात गाडी रोह्याला नेली. नजीरभाईही आले. आम्ही तात्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, नदीपर्यंत फिरवलं. परत येताना मी तात्यांना बोल्टचं विचारलं.

"कुठला बोल्ट?" म्हणाले, आणि बाहेर बघत राहिले.

ते खोटं बोलत नव्हते, एवढं मला कळलं. बाकीचं अजून कळलेलं नाही.