मदरशातला धोतऱ्याचा धूर

निजामाच्या अमदानीत आमच्या लातूरच्या घरी माझ्या दुखण्याला सर्दी म्हणत. छाती भात्यासारखी वाजायची, चार पावलं चालले की धाप लागायची, तरी ती सर्दीच. दमा हा शब्द आई कुणाला तोंडातून काढू देत नसे. दमेकरी पोर कोण करून घेईल, ही तिची काळजी. मला लग्नापेक्षा कच्च्या चिंचांची ओढ जास्त होती.

तेव्हा शाळेला मदरसाच म्हणत; आमच्या मुलींच्या मदरशासमोरच सरकारी दवाखाना होता. तिथल्या नर्सबाई मदरशातल्या पोरींनाही बघायच्या. त्यांनी माझी सर्दी तेव्हाच ओळखली. आईने त्यांना गळ घातली, औषध द्या पण बोभाटा नको. मग मला धाप लागली की बाई यायच्या, मदरशाच्या सामानाच्या कोठीत नेऊन दार लावायच्या, बशीत धोतऱ्याच्या पानांची पूड पेटवायच्या आणि माझ्या डोक्यावर चादर टाकून तो धूर ओढायला लावायच्या. धूर महाकडू. पण जरा वेळाने छाती मोकळी व्हायची आणि मी उड्या मारत वर्गात जायचे.

अंगाला वास यायचाच. पोरींनी ठरवून टाकलं, ही बिडी ओढते. मला त्यात थोडी ऐटही वाटायची. पण बोलणं मदरशाच्या बड्या उस्तानींपर्यंत, म्हणजे मोठ्या बाईंपर्यंत गेलं. त्यांनी कोठीचं दार उघडलं, तर आत धूर, चादर आणि मी. नर्सबाई आईला दिलेल्या शब्दाला जागून गप्प राहिल्या. उस्तानींनी वडिलांना बोलावणं धाडलं. माझं नाव पटावरून खारिज होणार होतं आणि नर्सबाईंची शिकायत वर जाणार होती.

आई वडिलांना म्हणाली, "बिडीच म्हणू द्या. बिडी सुटती, दमा सुटत न्हाई."

मदरसा सुटणार म्हणून मी भोकाड पसरलं.

वडील एरवी आईच्या शब्दाबाहेर नसत. उस्तानींसमोर त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणाले, "बिडी न्हाई, बाईसाहेब. दमा हाय लेकीला. आम्हीच लपवला. नर्सबाईंचा काही कसूर न्हाई."

माझं नाव राहिलं. आईने वडिलांशी अबोला धरला. मला मात्र वडिलांचा इतका अभिमान वाटला की मी दिसेल त्या पोरीला दमा असल्याचं सांगत सुटले.

पुढच्या वेळी धाप लागली, तेव्हा कोठीच्या दाराशी दोन पोरी आधीच उभ्या होत्या. त्यांच्या घरी अजून सर्दीच म्हणत. पण त्यांना पाठवलं होतं त्यांच्या आयांनीच.