तात्यांची खुर्ची मी माळ्यावर टाकली

तात्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा मी बारामतीत एका सभागृहात माईक धरून उभी होते. विषय : गोळीशिवाय झोप. फोन पिशवीत मुका करून ठेवलेला. टाळ्या घेऊन बाहेर आले तर काकूचे सहा मिसकॉल. पोचेपर्यंत तात्या गेले होते. त्याला दीड महिना झाला. त्यानंतर मी माईक हातात घेतलेला नाही, आणि हेही भाषण नव्हे... कबुली आहे.

तात्या माझे चुलते, लासुर्ण्याचे. साखर कारखान्यात पॅनमन होते. म्हणजे पाक आटवायचा आणि साखरेचा दाणा धरायचा. हंगामात कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि दाणा तयार व्हायच्या नेमकं आधी डोळे उघडायचे, ही त्यांची ख्याती. घरात त्यावरून कायम चेष्टा. काकू म्हणायची, "ह्यांनी तर अंतरपाटामागं उभ्यानं डुलकी घेतलीया, तुमी स्टुलाचं काय सांगता!"

आमची चारपाच जणांची चळवळ. झोपेच्या गोळ्या पेपरमिंटसारख्या वाटल्या जातात याची आम्हाला चीड, म्हणून आम्ही गावोगाव पत्रकं वाटायचो. रोज एकाच वेळी उठा. दुपारी लवंडू नका. संध्याकाळनंतर चहा बंद. अंथरूण फक्त झोपेसाठी. झोप येत नसेल तर उठा, पेंग आली की परत जा. काकूची झोप न लागण्याची वर्षानुवर्षांची तक्रार या कागदानं दोन महिन्यांत मिटवली. हे खरं आहे, आणि इथंच माझं डोकं फिरलं. कागद सगळ्यांना लागू पडतो असं मला वाटायला लागलं.

गेल्या वर्षी तात्या ओसरीतल्या लोखंडी खुर्चीत झोपायला लागले. नायलॉनच्या पट्ट्या त्यांनी स्वतः विणलेल्या. सगळे हसले... पॅनची सवय म्हातारपणी उसळली म्हणून. मीही हसले. मग पत्रक आणि झोपेच्या नोंदीसाठी रकाने आखलेली वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. तात्या म्हणाले, "आडवं झालं की छातीवर पोतं ठेवल्यागत व्हतंय गं वैशे. उठून बसलो की बरं वाटतंय."

"तात्या, ही सवय आहे. पंधरा दिवस त्रास होईल, मग शरीर शिकेल." हे वाक्य मी इतक्या गावांत म्हटलंय की ते म्हणताना समोरच्याकडे बघायची गरजच उरली नव्हती. त्यांचे पाय सुजले होते, तेही मी पाहिलं. रात्रभर लोंबकळत ठेवल्यावर सुजणारच, असं म्हणून स्वतः स्टुलावर चढून खुर्ची माळ्यावर टाकली.

"आता मी बी माळ्यावरच झोपतो म्हण की," तात्या हसले. मग वही उचलून म्हणाले, "तू शिकल्याली हायस. कागदात आसंल तर आसंल." कारखान्यात साहेबाचंही न ऐकणारा माणूस, पण पुतणीच्या कागदापुढं मान तुकवली त्यानं. वहीत रोज एकच नोंद : आडवा झालो, झोप लागली. मी ती वही सभेत उंच धरून दाखवायचे. बघा, सत्तरीतही सवय मोडते!

त्या दिवशी मी पोचल्यावर दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोर काकूला विचारलं, "आडवं झाल्यावर दम लागायचा का?"

"व्हय. लई म्हयनं."

"मग कुणाला सांगितलं नाही?"

काकू तात्यांच्या चपला पिशवीत भरायला लागली. माझ्याकडं बघितलंही नाही. हृदय थकत चाललं होतं, छातीत पाणी साचत होतं. लवकर आणलं असतं तर उपचार सुरू करता आले असते, एवढंच डॉक्टर बोलले. वाचले असते असं ते म्हणाले नाहीत. वाचले नसते असंही म्हणाले नाहीत. नंतर काकूनं सांगितलं, तात्या गादीची वळकटी भिंतीला लावून तिला टेकून रात्र काढायचे. तिला बजावलं होतं, "वैशीला बोलू नगंस. पोरीला वाईट वाटंल."

आणखी एक सांगायचंय. पत्रक पहिल्यांदा छापताना आमच्यातल्या एकीनं खाली एक ओळ घातली होती : दम लागत असेल, पाय सुजत असतील, तर हे नियम बाजूला ठेवा, आधी डॉक्टरकडे जा. ती ओळ मी खोडली. घोषणेसाठी जागा हवी होती, आणि असल्या ओळीनं लोक बिचकतात, असं माझं म्हणणं. डॉक्टरकडे न धाडता कुणी नुसती गोळी हातावर ठेवली असती, तर मी त्याच्या दुकानासमोर ठिय्या दिला असता. मी कागद ठेवला, इतकाच फरक. आता ती ओळ सगळ्यात वर, ठळक छापलीय. कागद सुधारला.

परवा लासुर्ण्याला गेले. खुर्ची खाली काढली, धूळ पुसली आणि ओसरीत जुन्या जागी ठेवून नुसती उभी राहिले. काकू शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "बस की. वर बी तूच टाकलीस, आता बसाया काय झालं?"

बसले. पट्ट्या तात्यांच्या पाठीएवढ्या खोल गेल्यात. टेकलं की श्वास आपसूक पुरा येतो.