पेन चालवून बघायचा कागद

स्टेशनरीच्या दुकानात माझ्या शेजारी एक बाई जाड पानांची कोरी वही कुरवाळत उभ्या होत्या. "नको, पहिलंच पान बिघडवीन मी," म्हणत त्यांनी ती परत ठेवली.

"बरं, हे निळं पेन तरी चालवून बघा," दुकानदार काका म्हणाले. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर अनोळखी लोकांच्या सह्या होत्या, रेघोट्या होत्या. बोलता बोलता बाईंनी त्या गर्दीतून एक वेल वळवत नेली. तिला पानं फुटली, कळ्या आल्या. कुणी बघणार नाही असं वाटलं की हात किती मोकळा होतो!

"छान काढता की," काका म्हणाले. बाई लाजल्या आणि वही घेऊन गेल्या.

मग मी पेन उचललं. सहीच करणार होते, पण हात आपसूक डोंगर काढू लागला.