बरणीवरची आई

लेबलं काढता काढता केस पिकलेल्या त्या चित्रकाराला आताशा कशाचाच धक्का बसत नसे. "लाल जरा कमी लाल करा" म्हणणारे येऊन गेले होते, "कोंबडी हसरी हवी, पण दात नकोत" म्हणणारेही. तो हुज्जत घालायचा नाही. छापखान्याच्या वरच्या खोलीत दोन कागद शेजारीशेजारी धरायचा आणि विचारायचा, "हे की हे?" चष्मेवाला भिंगं बदलून विचारतो, तसं. गिऱ्हाईक बोट दाखवायचं, उरलेला कागद टोपलीत जायचा. म्हणून अख्खा छापखाना त्याला 'हेकीहे' म्हणायचा आणि बायकोही दोन भोपळे पुढ्यात धरून त्याला तसंच विचारायची.

घरी जॅम करून विकणारी एक बाई त्याच्याकडे आली, आणि तिची मागणी ऐकून मात्र तो चरकला.

"लेबलवर माझी आई हवी. कढईवर वाकलेली. फोटो एकही नाही, घर बदलताना ट्रंक हरवली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. पण चेहरा अगदी डोळ्यांसमोर आहे."

चार वर्षांच्या पोरीच्या आठवणीतून माणूस उभं करायचं! हेकीहेनं मान डोलावली आणि मनातल्या मनात हात टेकले. तरी कामाला लागला. बाई दर वेळी नवी खोट काढायची. नाक जरा रुंद करा. हसू ओठांत नव्हतं हो, डोळ्यांत होतं. हनुवटी हे की हे? यातलं एकही नाही. एवढ्या कागदांत त्यानं अख्खी वरात काढून दिली असती.

मग एके सकाळी ती म्हणाली, "डाव्या डोळ्याखाली तीळ होता." त्यानं पेन्सिलीचं टोक टेकवलं मात्र, बाई अशी किंचाळली की खालून यंत्रवाला धावत वर आला.

"आई!" ती जमिनीवरच बसली होती. "हीच ती. हीच!"

हेकीहेला स्वतःच्याच हाताची भीती वाटली.

"मावशीला अजून काही दाखवलेलं नाही," बाई डोळे पुसत म्हणाली. "तिनंच मला वाढवलं. जॅमही तिच्याच हातचा. एकदम बरणीच ठेवणार आहे तिच्यापुढे."

लेबल छापून झालं, तेव्हा ते बरणीला चिकटवून तो स्वतःच त्यांच्या घरी घेऊन गेला. स्वयंपाकघरात साखरेचा वास दाटला होता, धुतलेल्या बरण्या फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या. कढई ढवळणाऱ्या मावशीनं बरणी हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली. दुसऱ्या हातातला डाव खाली पडला.

"हे काय केलंत? ही हिची आई नव्हे."

"असं काय करतेस मावशी? तीळ तर बघ!"

मावशीनं चष्मा काढला. जाड फ्रेमखाली, सुरकुतीच्या घडीत, तीळ होता. बाईनं तो हजारदा पाहिला असणार, पण रोज समोर असलेलं माणूस कोण निरखून बघतं? इतके दिवस हेकीहे मावशीचंच तरुणपण काढत होता.

"तुझी आई कढईपाशी उभी कधी राहिली गं? अंथरुणाला खिळली होती ती. जॅम करायची मी आणि तुला सांगायची, आईनं केलंय म्हणून. तू तिला विसरू नयेस, एवढंच होतं मनात."

बाई पांढरीफटक पडली. "म्हणजे मला आई आठवतच नाही?" असं कसंबसं म्हणाली आणि मागच्या दारानं निघून गेली.

मावशीनं गॅस बंद केला. "बसा. कागद काढा. तिला बघितलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही."

त्यानं कागद काढले. हे की हे? मावशी एकदाही अडखळली नाही. निमुळती हनुवटी, मोठं कपाळ, बारीक मान, दमलेल्या पापण्या. शेवटी तिनं कागदावर अलगद तळवा ठेवला आणि तिला रडू फुटलं. "हुबेहूब! आता पोरीला तिची आई मिळेल."

बाई तोंड धुऊन आत आली. टेबलावर पसारा होता. लेबल लावलेली बरणी ठेवायला जागा करावी म्हणून तिनं कागद गोळा केले आणि वरच्या चित्रावर तिची नजर क्षणभर थांबली.

"ही कोण? दुसऱ्या कुणाचं काम आमच्यात मिसळलंय वाटतं," ती म्हणाली आणि ते चित्र दुमडू नये अशा बेतानं हेकीहेच्या पिशवीत सरकवलं.

हेकीहेनं चित्र पुन्हा बाहेर काढलं. दुसऱ्या हातात बरणी घेतली आणि सवयीनं दोन्ही शेजारीशेजारी धरली. जन्मभर विचारलेला प्रश्न काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना.

बाईनं चित्राकडे पाहिलं, मग मावशीच्या रडवेल्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. तिला कळलं. एका हातानं तिनं मावशीचं मनगट घट्ट धरलं आणि चित्रातल्या अनोळखी बाईला म्हणाली, "मला माफ कर."